खिशातलं प्यादं

उलटेराव हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. छापखान्यात चिकटलेलं नाव ते. पण असं चिकटलं की पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने दार वाजवू लागला.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला सगळं उलटंच वाचावं लागतं. शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं, आणि हातातल्या पट्टीत ओळ जुळवताना ते डोक्यावर उभं राहतं. बाकीचे कामगार संध्याकाळी हात धुतले की पुन्हा सरळ वाचणारी माणसं व्हायचे. उलटेरावांचं तसं नव्हतं. टेबलापलीकडे कुणी काही लिहीत असलं की यांचे डोळे आपोआप तिकडे. एकदा डॉक्टर औषध लिहून देत होते तर हे समोरून म्हणाले, “मागच्या खेपेला तुम्ही दोनदा घ्या म्हणाला होतात, आज तीनदा लिहिलंत.” डॉक्टरांनी कागद पाहिला, यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तीनाचे दोन केले. बायको बाहेर आल्यावर म्हणाली, “अहो, तुमच्यासमोर माणसाने डायरीसुद्धा लिहू नये!”

अशा माणसाच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली. म्हणजे चुका पुष्कळ झाल्या असतील, कुणाच्या होत नाहीत. पण उराशी धरून ठेवावी अशी एकच.

तेव्हा ते तिशीच्या आतले होते. छापखाना एका साप्ताहिकाचा. लांबट खोली, एका भिंतीला खिडक्या, खिडक्यांखाली खिळ्यांच्या पेट्या, मध्ये पानं बांधायचं मोठं दगडी टेबल आणि पलीकडे धडधडणारं मशीन. हवेत शाईचा आणि रॉकेलचा वास. फोरमनचं एक ठरलेलं वाक्य होतं, “डोकं घरी ठेवून या, बोटं तेवढी बरोबर आणा.” उलटेरावांची बोटं नावाजलेली होती. पेटीकडे न बघता ती खिळे उचलत, जशा बायका बोलता बोलता शेंगा सोलतात.

साप्ताहिकात शेवटून दुसऱ्या पानावर बुद्धिबळाचं सदर असे. ते लिहीत गणिताचे सर. शाळेत गणित शिकवायचे, पण जीव सगळा पटावर. दर शुक्रवारी शाळा सुटली की प्रूफ तपासायला यायचे. ऊन असो की पाऊस, मनगटावर छत्री अडकवलेली. खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, खिशातून लाल पेन काढायचे, आणि पटाच्या चित्रावरून एकेका घरावर बोट ठेवत जायचे. चौसष्टच्या चौसष्ट. मग खाली सही.

हे पटाचं चित्र म्हणजे उलटेरावांचं खास काम. त्याचे खिळे निराळ्या खोक्यात असत. पांढऱ्या घरातला काळा घोडा निराळा, रेघा मारलेल्या काळ्या घरातला काळा घोडा निराळा. रिकामी घरंसुद्धा दोन जातींची. चौसष्ट खिळे चिमट्याने एकाशेजारी एक बसवायचे, दोऱ्याने घट्ट बांधायचे, की झाला डाव तयार. चार वर्षांत त्यांनी असे दीडशेच्या वर डाव लावले होते आणि स्वतः एकदाही पटासमोर बसले नव्हते. पोस्टमन लोकांची पत्रं वाटत हिंडतो, पाकीट उघडत नाही, तसंच. पण पाकिटं वाटता वाटता कोण कुणाला लिहितं एवढं तर कळतंच. उंट तिरका जातो, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं उडी मारतो, हे सरांचा मजकूर जुळवता जुळवताच त्यांना कळलं होतं.

फक्त एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. छापलेल्या पानावर काळे वर असतात आणि पांढरे खाली. पण खिळे जुळवताना पहिली ओळ आपल्या पोटाशी येते, पुढच्या ओळी तिच्या पलीकडे रचत जायच्या. म्हणजे काळे आपल्याकडे आणि पांढरे लांब. सगळं जग सरांचे डाव जिंकणाऱ्याच्या बाजूने बघत होतं. उलटेराव एकटे हरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून बघत होते.

त्या आठवड्यात सरांनी एक फार जुना, नावाजलेला डाव निवडला होता. मजकुरात एक ओळ होती: “येथे पांढरा आपला वजीर देतो. घाई करू नका. चहाचं आधण ठेवा, ते उकळेपर्यंत नुसतं बघत राहा.”

उलटेरावांनी ती ओळ जुळवली आणि त्यांची बोटं थांबली. वजीर देतो? पटावर वजिराएवढं मोठं कुणी नाही. तो कुणी देतं का?

शुक्रवारी सर आले, घराघरावर बोट फिरवून गेले, सही झाली. प्रूफ चोख होतं. शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. त्या वेळी उलटेरावांनी डबा बाजूला सारला आणि बांधून ठेवलेल्या चित्राची दोरी सैल केली. आयुष्यात पहिल्यांदा ते डाव खेळणार होते, तोही शिशावर, चिमट्याने.

काळा राजा कोपऱ्यात बसलेला. त्याच्या पुढ्यात दोन प्यादी. शेजारचं एक घर रिकामं आणि त्याला लागून त्याचाच हत्ती. जवळच पांढरा घोडा टपून. पांढरा वजीर लांब, मध्यावर.

उलटेरावांनी वजीर उचलला आणि तिरका नेऊन राजाच्या अगदी शेजारी, त्या रिकाम्या घरात ठेवला. शह! राजा त्याला मारू शकत नाही, घोड्याचा पहारा आहे. म्हणजे हत्तीनेच मारायचं. दुसरी वाटच नाही. त्यांनी वजीर काढला, हत्ती तिथे ठेवला. गेला वजीर. आता पांढऱ्याकडे राहिलं काय? एक घोडा. घोड्याने उडी मारली. पुन्हा शह!

आणि उलटेरावांचा चिमटा हवेतच राहिला.

राजाला हलायला जागा नव्हती. एका बाजूला स्वतःचा हत्ती, पुढे स्वतःची प्यादी. त्याच्या रक्षणाला जे उभे होते त्यांनीच त्याला कोंडलं होतं. वजीर मेला तो फुकट मेला नव्हता. त्या हत्तीला आपल्याच राजाचं दार लावायला लावून मेला होता.

अंगावर काटा आला त्यांच्या. देवळात घंटेचा आवाज विरून गेल्यावर माणूस क्षणभर उगाच उभा राहतो ना, तसे ते उभे राहिले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी, कुठल्यातरी टेबलाशी हे पाहिलं, आणि आज छापखान्यातल्या एका दगडावर ते जसंच्या तसं पुन्हा घडलं. काही कमी झालं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण उलटेराव काळ्याच्या बाजूला उभे होते. त्यांना त्या राजाची दया आली. काही करून वाचवता येईल का याला? त्यांनी सगळं पुन्हा मूळ जागी लावलं आणि विचार केला, हे कोपऱ्यातलं, राजाच्या अगदी पुढ्यातलं प्यादंच नसतं तर? चिमट्याने ते उचललं. त्याच्या जागी रिकामं पांढरं घर बसवलं. पुन्हा वजीर, पुन्हा हत्ती, पुन्हा घोड्याची उडी. आणि राजा हळूच पुढच्या घरात सरकला.

“सुटला!” उलटेराव मोठ्याने म्हणाले.

“कोण सुटला रे?” दारात फोरमन. “आणि डबा खायचा सोडून पानाशी काय चाळे चाललेत? मशीन खोळंबलंय!”

“कुणी नाही, कुणी नाही,” म्हणत यांनी वजीर जागेवर ठेवला, हत्ती ठेवला, घोडा ठेवला, दोरी ओढली. चित्र घट्ट बसलं. एकही खिळा हलत नव्हता. हलणार कसा? प्याद्याच्या जागी रिकामं घर होतंच की बसलेलं. पान बांधलं गेलं, मशीनवर चढलं.

रविवारी बायको त्यांचा छापखान्याचा एप्रन धुवायला बसली. सातवा महिना चालू होता तिला, वाकता येत नव्हतं, म्हणून पाटावर बसून धूत होती. बादलीत काहीतरी टणकन वाजलं.

“अहो, हे काय शिशाचं बाळ तुमच्या खिशात?”

उलटेरावांनी तळहातावर घेतलं. काळं प्यादं. पांढऱ्या घरातलं. त्यांचा चेहरा असा उतरला की बायकोला वाटलं, छातीत दुखतंय.

पुढचं सगळं दोन आठवड्यांत उरकलं. वाचकांची पत्रं आली, ढीगभर. एकाने लिहिलं होतं, “सर, वजीर दिलात पण राजा फिरायला बाहेर पडला, आता हो काय करायचं?” एका शाळकरी पोरीने चित्र काढून पाठवलं होतं, राजा छत्री घेऊन निघालाय. पुढच्या शुक्रवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोरमन म्हणाला, “सदर बंद केलं सरांनी. लोकांची पत्रं लागली म्हणे मनाला. मोठी माणसं, नाक मोठं.”

उलटेराव बोलले नाहीत. आदल्याच महिन्यात फोरमनने एका मशीनवाल्याला शाई सांडली म्हणून घरी बसवलं होतं. आणि घरी पाटावर बसून कपडे धुणारी पोटुशी बायको. एका संध्याकाळी मात्र ते प्यादं मुठीत धरून सरांच्या घरी गेले. जिन्यापर्यंत पोचले. वर शिकवणी चालू होती. सर कुणाला तरी सांगत होते, “चूक झाली की खोडायचं नाही. खोडलं की वही घाण होते, चूक जात नाही. तिच्या शेजारी बरोबर ते लिहायचं.” उलटेराव जिन्यात बराच वेळ उभे राहिले. मग खाली उतरले. उद्या येऊ म्हणाले. त्या उद्याला पुढे एक्केचाळीस वर्षं लागली.

लेक झाली. मोठी झाली. उलटेरावांनी पुठ्ठ्याचा पट केला, लाकडी सोंगट्या आणल्या, बायकोला खेळायला शिकवलं, लेकीला शिकवलं. रविवारी दुपारी भांडी आवरली की तिघं बसायचे. बायको वजीर कध्धी द्यायची नाही. “घरातलं मोठं माणूस असं कुणी पाठवतं का हो मरायला?” म्हणायची, आणि हरायची. लेक शाळेच्या स्पर्धेत गेली आणि रडत घरी आली.

“बाबा, सगळे हसले मला! पट आडवा लावला म्हणाले. वजीर राजाच्या चुकीच्या बाजूला ठेवला म्हणाले!”

तेव्हा कुठे उलटेरावांच्या लक्षात आलं, की आपण खेळ शिकलो तो शिशावरून, आरशातला. डावं ते उजवं. बायको डोक्याला हात लावून म्हणाली, “तरीच! आख्खं घर उलटं करून ठेवलंत की हो!” पण गंमत अशी, की इतकी वर्षं उलट्या पटावर खेळताना कधी काही अडलं नव्हतं. उलटा का होईना, डाव पुरा होता.

मग खिळ्यांचे दिवस संपले. कॉम्प्युटर आले. एके सकाळी टेम्पो दारात लागला आणि खिळे पोत्यांत भरून वितळवायला गेले. पटाच्या खिळ्यांचं खोकं उलटेरावांनी स्वतः उचलून दिलं. राजे, उंट, घोडे, सगळे गेले. एक प्यादं तेवढं वाचलं, कारण ते घरी काडेपेटीत होतं, देवाच्या फोटोशेजारच्या फळीवर. रोज सकाळी आंघोळ झाली की उलटेराव हात जोडायचे तेव्हा नजर त्या काडेपेटीवरून जायचीच. पुस्तकं बांधायचं काम शिकून घेतलं होतं, ते आता घरी करू लागले. दोरा, सुई, खळ, पुठ्ठा. बोटं अजून चांगली होती.

आणि एका सोमवारी एक बाई दारात उभी राहिली. हातात कापडी पिशवी.

“पुस्तकं बांधणारे काका इथेच राहतात ना? माझ्या सासऱ्यांची कात्रणं आहेत. बुद्धिबळाची. पूर्वी साप्ताहिकात लिहायचे ते.”

उलटेरावांनी दाराची चौकट धरली.

“आम्ही त्यांना आमच्याकडे, लांब नेतोय. गुरुवारी निघायचंय. तोवर होईल का हो? एवढं एकच बरोबर घेणार म्हणालेत. आणि हे मात्र बजावून सांगितलंय, की शेवटचं पान गाळू नका.”

ती गेल्यावर उलटेराव जमिनीवर बसले आणि पिशवी उघडली. एकशे त्र्याण्णव कात्रणं, तारखेवार, पांढऱ्या कागदावर चिकटवलेली. सगळी त्यांनीच जुळवलेली. प्रत्येक ओळ एकदा त्यांच्या बोटांतून गेलेली. एक ‘ण’ जरा वाकडा छापलेला होता, तो पाहून ते हसले. तो खिळा कधी तुटला तेही आठवत होतं. असं करत करत शेवटच्या पानाशी आले. तोच डाव. कोपऱ्यातल्या राजाच्या पुढ्यात रिकामं घर. आणि समासात लाल शाईत, सरांच्या अक्षरात:

“प्रूफ मी तपासले होते. सही माझी. माझीच नजर चुकली. ज्याला समोरचे प्यादे दिसत नाही त्याने दुसऱ्यास शिकवू नये.”

बायको स्वयंपाकघरातून आली तेव्हा हे तसेच बसलेले. तिने वाचलं. ती सरळच वाचायची, म्हणून जरा वेळ लागला.

“म्हणजे त्यांना वाटतंय, त्यांनीच केलं?”

“मला वाटत होतं, छापखान्यावर रागावलेत. लोकांवर रागावलेत. अगं, ते स्वतःवर रागावले होते. एक्केचाळीस वर्षं!”

“मग आता?”

“रोज देवाला सांगतोच की मी.”

“देवाला कशाला सांगता?” बायको काही फार बोलणारी नव्हती, पण बोलली की टाका घातल्यासारखं. “त्याला तेव्हाच माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांगा. आणि गुरुवारच्या आत सांगा.”

दोन दिवसांत पुस्तक बांधून झालं. निळं कापड, कोपरे चामड्याचे. एकशे ब्याण्णव पानं शिवली. एकशे त्र्याण्णवावं हातात धरलं, सुई टेकवली, पण टाका काही घालवेना. ते पान त्यांनी तसंच सुटं ठेवलं.

बुधवारी चारच्या सुमाराला, सर प्रूफ बघायला यायचे त्याच वेळी, उलटेराव तो जिना चढले. घरात जिकडेतिकडे खोकी. भिंतींवर तसबिरी काढलेल्या जागांचे चौकोन. मधोमध टेबल आणि खुर्चीत सर. नव्वदीला टेकलेले, चष्म्याच्या काचा जाड, समोर भिंग. टेबलावर कसलेसे अर्ज आणि शाईचं पॅड.

“या. बसा. हे पॅड बाजूला करा हो. बँकेवाले म्हणतात सही जुळत नाही. जन्मभर सह्या केल्या, आता अंगठेबहाद्दर झालोय.” त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, कडांवरून बोट फिरवलं. “काम नेटकं आहे. आणि हे पान सुटं का? सुनेने सांगितलं होतं ना, गाळायचं नाही म्हणून?”

“सर, मी उलटेराव. छापखान्यातला.”

सरांनी भिंग डोळ्याला लावून त्यांच्याकडे पाहिलं, जणू तेही एक चित्रच. “तुम्ही! अहो, तुम्ही माझे पट लावायचात! एक घर कधी चुकलं नाही तुमचं.”

उलटेरावांनी खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि प्यादं टेबलावर, त्या पानाशेजारी ठेवलं. मग सांगून टाकलं. दुपारची सुट्टी, चिमटा, दोरी, फोरमनची हाक, एप्रन, बादली. जिन्यातून परत गेल्याचंही सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

मग सर बोलले, आणि आवाज असा, की सून आतून धावत आली.

“प्रूफमध्ये होतं?”

“होतं, सर. प्रूफ चोख होतं.”

“मी विचारलं होतं फोरमनला! म्हणाला, सर, प्रूफवर तुमची सही आहे, जसं आलं तसं छापलं. प्रूफ दाखव म्हटलं तर म्हणाला, शाई पुसायला गेलं. आणि मी मानलं! अहो, दोन दोन डोळ्यांचे डॉक्टर केले मी! दोघंही म्हणाले, तुमची नजर गरुडाची आहे. मी म्हटलं, हे गाढव आहेत! पट माळ्यावर टाकला. घरात पुन्हा काढला नाही. मुलगा म्हणायचा, बाबा, एक डाव. नाही म्हणायचो. आणि प्यादं कुठे, तर तुमच्या खिशात!”

“बाबा, रक्तदाब...” सून म्हणाली.

“असू दे रक्तदाब! जा तुम्ही. उठा. जा!”

उलटेराव उठले. हेच मिळायचं होतं आणि हे योग्यच होतं, असं त्यांना वाटलं. ओझं उतरलं नव्हतं, पण निदान ज्याचं होतं त्याच्या पुढ्यात ठेवलं होतं. ते दारापर्यंत गेले.

“थांबा,” मागून आवाज. “काढलंत कशाला?”

“काय, सर?”

“प्यादं! वजीर दिला ते बघितलंत. मात बघितलीत. झालं ना? मग ते प्यादं उपटलंत कशाला?”

“राजा वाचतो का बघत होतो, सर.”

“राजा?”

“काळा. आमच्याकडे पट उलटा असतो ना. काळे पोटाशी. मी नेहमी हरणाऱ्याच्याच बाजूला असायचो. मग वाटलं, इतका सुंदर मारलाय, तर याला वाचवायला काय लागलं असतं, तेवढं बघावं.”

सरांनी भिंग खाली ठेवलं.

“वाचला?” त्यांनी विचारलं.

“वाचला. एका प्याद्याने. पुढे सरकला हळूच. मी ओरडलोच, सुटला म्हणून.”

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. “एकशे त्र्याण्णव वेळा लिहिलं मी,” ते म्हणाले. आवाजात राग होता, पण आता त्याला बसायला जागा सापडत नव्हती. “पत्रं यायची. लोक लिहायचे, अक्षर बारीक आहे. उत्तर त्याच पानावर द्या. वजीर भारी दिला हो, सर! भारी दिला, बस्स. का भारी, कशामुळे भारी, ते एकाने विचारलं नाही. मी लिहिलं होतं, चहाचं आधण ठेवा आणि बघत राहा. कुणी बघितलं? त्या वजिराची सगळी करामत त्या एका बारक्या प्याद्यावर उभी आहे, ते उपटून बघायचं कुणाला सुचलं? आणि ज्याला सुचलं त्याने,” त्यांनी टेबलावर थाप मारली, “ते नेमकं खिशात घालावं! बसा इकडे.”

उलटेराव बसले. समोर, टेबलापलीकडे.

“मी माफ केलेलं नाही अजून.”

“नाही, सर.”

“बरं.” सर त्या शिशाच्या प्याद्याशी बोटाने खेळत राहिले. मग भिंगाखाली धरून बघितलं. “हाच तो खिळा? त्याच संचातला?”

“तोच. बाकीचे वितळले.”

“मग तो या घरात बसला पाहिजे.”

दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं. उलटेरावांनी अंगठ्याचं पॅड पुढे ओढलं. प्यादं त्यावर टेकवलं, शाई जास्त झाली का पाहिलं, रद्दी कागदावर एकदा उठवून घेतलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि त्या पिवळ्या पडलेल्या कात्रणावर, कोपऱ्यातल्या राजाच्या पुढ्यातल्या रिकाम्या घरात खिळा दाबला.

उचलला तेव्हा तिथे प्यादं होतं. जांभळ्या शाईचं, पण चारही कडांनी घरात मावलेलं.

सरांनी भिंग लावलं. चौसष्ट घरांवरून एकेक करून बोट फिरवलं, वरच्या ओळीपासून खालपर्यंत. सून उगाचच हात जोडून उभी राहिली.

“जरा तिरपं आलंय,” सर म्हणाले.

“हात राहत नाही आता, सर.”

“असू द्या. आता राजा काही बाहेर पडत नाही.”

मग त्यांनी लाल पेन मागितलं. समासातली ती जुनी ओळ खोडली नाही. तिच्या शेजारी, जिथे थोडी जागा उरली होती तिथे, एकेक अक्षर थांबत थांबत लिहू लागले. मात्रा रेघेवर चढत होती. उलटेराव समोर बसले होते आणि त्यांचे डोळे सवयीने कागदावर गेलेच. सरांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांनी ते वाचलं होतं, उलट्या बाजूने, स्वच्छ:

“माझी नजर शाबूत होती.”

पुढचं वाक्य सर लिहीतच होते. प्याद्याविषयी काहीतरी होतं. पण ते मात्र उलटेरावांना वाचता आलं नाही. कागदावरचं सगळंच एकदम ओलसर दिसायला लागलं होतं, म्हणून त्यांनी सुई-दोरा काढायच्या निमित्ताने पिशवीत तोंड घातलं. शेवटचं पान अजून शिवायचं होतं.